विल्हेवाटीच्या यादीतलं सातवं टिपण

अंबत्तूर,
१७ डिसेंबर २००७

ती. व्यंकोजीमामा यांस,
सा. न. वि. वि.

चार महिने तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याबद्दल आधी माफी मागते. कारणं लिहून काढली होती. तीन निघाली. पुन्हा वाचल्यावर त्यांतलं एकही चार महिने पुरेल असं वाटलं नाही, म्हणून गाळली. खरं इतकंच की आज गरज पडली आणि आजच तुमची आठवण झाली. हे लिहितानाही लाज वाटते, पण न लिहिणं जास्त वाईट.

पत्र दहा वर्षांनी परक्याच्या हाती पडलं तरी त्याला कळलं पाहिजे, असं तुम्ही नेहमी सांगता. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही पुन्हा मांडते. मी इथे ब्रेकचे भाग करणाऱ्या कंपनीत नोंदी सांभाळते. चव्वेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला बसले आहे. विषय: कागद जाऊन संगणक आल्यावर माहिती कशी ठेवावी, किती दिवस ठेवावी आणि कधी टाकावी. त्यातलं चौथं प्रकरण म्हणजे तुमचं घर. निवृत्त हेडक्लार्काने साठ वर्षांचे कागद बासष्ट पेट्यांत कसे जपले, हे पाहायला मी एप्रिल ते ऑगस्ट असे अकरा रविवार वेस्ट मांबलमला आले. अकरा टिपणं केली. प्रत्येकाची छापील प्रत तुम्हाला टपालाने पाठवली, म्हणजे तथ्यं तुम्ही तपासून घ्याल.

आता झालं ते. नव्वद दिवसांपेक्षा जुना ईमेल आपोआप पुसला जावा, असा नियम आमच्या कंपनीत एक डिसेंबरपासून लागू झाला. तो नियम मी लिहिला. 'अपवाद नाहीत' हे शब्द मीच अधोरेखित केले. माझी अकराही टिपणं मी स्वतःलाच ईमेलने पाठवून ठेवली होती.

संगणक विभागातल्या सिद्धार्थकडे धावत गेले. तो म्हणाला, "मॅडम, पुसल्याचा दाखला हवाय का? आपोआप निघतो. तुमच्याच नावाने निघालाय."

"बॅकअप?"

"त्या टेपवर पुढचं लिहून जुनं पुसा असं तुम्हीच कळवलं होतं. तेही पत्र तुमच्या सहीचं आहे. तेवढं आहे जपून."

दाखला घेतला आणि फाइलला लावला.

प्रबंध एकवीस जानेवारीला द्यायचा आहे. दोनदा मुदत वाढवून घेतली. तिसऱ्यांदा मिळणार नाही. माझ्या मार्गदर्शक डॉ. विशालाक्षी म्हणाल्या, "मूळ टिपणं दाखवल्याशिवाय चौथं प्रकरण नाही, आणि चौथ्या प्रकरणाशिवाय प्रबंध नाही." म्हणजे आता जगात असलेल्या प्रती फक्त तुमच्याकडच्या. कृपा करून पाठवाल का?

आणखी एक. सातवं टिपण मामींसमोर वाचू नका. मामी आपल्याशी मराठी बोलतात पण वाचतात ती तमिळ लिपीच, हे मला माहीत होतं. त्या भरवशावर मी मोकळेपणाने लिहिलं का? मी नेहमीच मराठीत लिहिते, असं मनाला सांगितलं. मनाला ते पटलेलं नाही.

आपली,
हेमलता

---

वेस्ट मांबलम,
२२ डिसेंबर २००७
आवक क्र. ३१२ ला उत्तर

चि. सौ. हेमलता हिस व्यंकोजीराव याचे अनेक आशीर्वाद विशेष.

तुझे पत्र पावले. मजकूर कळला. पाकिटावर फाइल क्रमांक नव्हता. या खेपेस चालवून घेतले, पुढे घेणार नाही.

टिपणे आहेत. अकराच्या अकरा, पेटी क्रमांक १९, सुस्थितीत. परंतु देता येत नाहीत.

कारण ऐक. जुलैत तू मला तुझी बारा कलमांची नियमावली छापून दिलीस. मी चाळीस वर्षे सरकारी कागद सांभाळले, पण इतके शिस्तीचे काही पाहिले नव्हते. त्या दिवसापासून घरात तीच चालते. तुझ्या चौथ्या कलमाप्रमाणे 'नातेवाइकांचा पत्रव्यवहार' याची मुदत तीन महिने. ती नोव्हेंबरात संपली. सबब टिपणे विल्हेवाटीच्या यादीत गेली, अनुक्रमांक ४० ते ५०. कलम नऊ म्हणते: 'यादीत गेलेला कागद समितीचा निर्णय होईपर्यंत कोणास वाचू देऊ नये, नक्कल करू देऊ नये, हलवू देऊ नये.' वाक्य तुझे आहे. फार सुंदर आहे. मी ते भिंतीवर लावले आहे.

समितीत दोघे: मी आणि तुझी मामी. यादीतून कागद बाहेर काढायचा तरी दोन सह्या लागतात. मी आत्ता सही करतो. तुझी मामी कोणत्याच कागदावर सही करीत नाही.

अडचण अशी की विल्हेवाटीचा दिवस भोगीचा ठरला आहे, १४ जानेवारी. सूर्योदयापूर्वी आमची सगळी गल्ली दारात जुने सामान जाळते, हे तू पाहिले आहेस. सहीविना काही जाळता येणार नाही, असे मी मामीस बजावले. ती म्हणाली, "भोगीला समिती नसते." गेली छत्तीस वर्षे ती जे हाती येईल ते जाळते. गठ्ठा तिला दिसतो आहे.

घरची खुशाली: गॅसचे पुस्तक हवे म्हणून मामी आली. मी मागणीची चिठ्ठी मागितली. दुसऱ्या सकाळी फिल्टर कापी आली नाही. विचारले तर म्हणाली, "चिठ्ठी कुठे आहे?" आता रोज चिठ्ठी देतो. 'प्रयोजन' या रकान्यात 'पिणे' असे लिहितो. परवा ते अपुरे म्हणून परत आले.

कळावे, लोभ असावा.
व्यंकोजीराव

---

अंबत्तूर,
२६ डिसेंबर २००७
फाइल क्र. हे/व्यं/२

ती. मामा,
सा. न.

तुमचं पत्र मिळताच फोन केला. तुम्ही "हे संभाषण नोंदीत नाही" एवढं म्हणून ठेवलात. नियमाने बरोबर आहे. नियम माझाच आहे.

काल नाताळची सुट्टी होती म्हणून स्वतः आले. तुमच्या भेटीच्या वहीत सही केली, 'कारण' या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं, आणि तुम्ही तिथेच 'कोणते?' अशी पेन्सिलीने शंका काढलीत. पेटी एकोणीस दोन हातांवर होती. मामी म्हणाल्या, "काय पाहिजे तुला? सांग ना."

"काही नाही मामी, सहज आले."

"सहज कोण येतं अंबत्तूरहून दोन गाड्या बदलून? नवरा बरा आहे ना?"

"बरा आहे."

"मग तूच बरी नाहीस. अजून एक डोसा घे."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. एक सही मागायची होती. पण सही मागितली तर "काय आहे त्यात?" हा प्रश्न येणार. खोटं सांगवेना, खरं सांगायचं धाडस होईना, म्हणून मी डोसे खात राहिले. घरी येताना हिशेब केला: मी मामींच्या घरी आजवर बारा दिवस जेवले आणि एकदाही त्यांना विचारून त्यांच्याविषयी लिहिलं नाही.

मामा, नियमावलीत आणीबाणीचं कलम नाही, ही माझी चूक. तुम्ही ज्येष्ठ आहात, तेरावं कलम घालून घ्या. नाहीतर मामींची सही तेवढी मिळवा, आत काय आहे ते न सांगता.

(शेवटचं वाक्य मी खोडणार होते. मग वाटलं, मागितलं आहे तर दिसू दे.)

आपली,
हेमलता

---

वेस्ट मांबलम,
२ जानेवारी २००८
आवक क्र. ३१५ ला उत्तर

चि. सौ. हेमलता हिस आशीर्वाद विशेष.

तेरावे कलम घालता येत नाही. बाराव्या कलमात 'ही नियमावली अंतिम आहे' असे तूच लिहिलेस.

परंतु आनंदाची वार्ता आहे. तुझी मामी सहीचा विचार करण्यास राजी झाली. अट एकच. ती म्हणाली, "न वाचता सही मी जन्मात एकदा केली. लग्नाच्या कागदावर. त्याचं काय झालं ते बघतेच आहे."

सबब मी तिला टिपणे वाचून दाखवीत आहे. समितीच्या सदस्यास निर्णयासाठी वाचून दाखविणे कलम नऊमध्ये बसते. मी दोनदा तपासले. रोज सकाळच्या कापीनंतर एक टिपण. काल पहिले झाले, आज दुसरे. ती भारी खूश आहे. शेजारच्या तुळसीअम्मांनाही बोलावू या म्हणत होती. गोपनीयतेचे कारण सांगून मी नकार दिला.

मामीची एक दुरुस्ती नोंदवितो. दुसऱ्या टिपणात 'पाच डोसे खाल्ले' असे आहे. तिच्या मते सात. तू संशोधक, आकड्यात अशी चूक शोभत नाही.

क्रमाप्रमाणे सातवे टिपण ७ तारखेस येईल. तुझी मूळ विनंती स्मरते. परंतु सहा वाचून आठ वाचले तर ती विचारणार नाही का? ती पदार्थात मीठ किती हे वासाने सांगते.

व्यंकोजीराव

---

अंबत्तूर,
५ जानेवारी २००८
फाइल क्र. हे/व्यं/३ (कुरियरने)

ती. मामा,

सातवं गाळा.

नाही, गाळू नका. नोंदीत फेरफार करू नये यावर मी अख्खं दुसरं प्रकरण लिहिलं आहे. पण त्या दिवशी तुमचा घसा बसला तर? नाही, हेही फेरफारच. वरची दोन वाक्यं तुम्ही वाचली नाहीत असं समजा. मी खोडत नाही, कारण खोडलेलं तुम्ही उजेडात धरून वाचता.

तुम्हाला सगळं माहीत असावं म्हणून सांगते. सातव्या टिपणात मी लिहिलं आहे: 'या घरातील नोंदींना वाळवीपेक्षा मोठा धोका गृहिणीचा आहे. वाळवीवर निदान औषध मिळते.' त्या रविवारी मामींनी माझ्यासमोर वर्तमानपत्रांचा एक ढीग रद्दीवाल्याला दिला आणि वर त्याला ताकही दिलं. मला वाटलं, मोठा शोध लागला. वाक्य जमलं म्हणून दोनदा वाचून पाहिलं. त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांनीच दिलेल्या पेनने लिहिलं होतं.

टिपण जळालं तर माझा प्रबंध गेला. मामींनी ऐकलं तर काय जाईल याला नाव देता येत नाही, पण ते प्रबंधाहून मोठं वाटतं. तरीही टिपण जळू नये असं वाटतं. माझ्यात काय बिघडलं आहे, कोण जाणे.

हेमलता

---

वेस्ट मांबलम,
८ जानेवारी २००८
आवक क्र. ३१९ ला उत्तर

चि. सौ. हेमलता हिस आशीर्वाद विशेष.

काळजी नसावी. सातवे टिपण काल सुखरूप पार पडले. एकही शब्द मी गाळला नाही. वाचताना तीन ठिकाणी मला ठसका लागला, तो नैसर्गिक होता असे मी म्हणत नाही. फेरफार होऊ नये म्हणून त्याची वाचन-नोंदीत रीतसर नोंद केली आहे: 'ठसका, ३.'

तुझ्या मामीने मध्येच पाणी आणून दिले. 'सरी, बरं, उरलेली वाचून टाक' म्हणाली, म्हणून आठ ते अकरा एका बैठकीत वाचली. त्यात मला ठसका लागला नाही. मग ती वाचन-नोंद उघडून बसली. आकडे तिला वाचता येतात, हे माझ्या ध्यानात राहिले नव्हते.

त्यानंतर तिने माझ्याकडून पेन मागितले, चिठ्ठी न देता, आणि मीही चिठ्ठी मागितली नाही. स्वयंपाकघराचे दार लावून घेतले आहे. छत्तीस वर्षांत मी तिला वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिताना पाहिलेले नाही. आतापर्यंत चार कागद झाले. सकाळपासून कापीही नाही.

काय लिहिते आहे ते टपालाने तुलाच येईलसे वाटते.

व्यंकोजीराव

---

(मामींचं पत्र. मराठीच, पण तमिळ लिपीत लिहिलेलं. बसवरच्या पाट्या वाचता येतात तेवढ्या बळावर मी दोन दिवस अक्षरं लावून उतरवलं. त्या लिपीत क आणि ग एकच दिसतात, तिथे अर्थ बघून घेतलं. – हे.)

मांबलम,
९ जानेवारी

हेमलता पोरी,

मी अन्नपूर्णा. तुझ्या कागदात माझं नाव 'माहितीदार क्रमांक दोन' आहे म्हणे. एक कोण? तो! सरी.

तुझं सगळं ऐकलं. बरं लिहितेस. आमच्या गल्लीचं, फुलवालीचं, ह्याच्या पेट्यांचं. हसून हसून पोट दुखलं. सातवं आलं तेव्हा ह्याला ठसका लागला. तीन वेळा. ह्याला ठसका लागत नाही ग. लग्न झाल्यापासून ह्याने रसमसुद्धा कधी खोकून प्यायलं नाही. खोटं बोलता येत नाही बिचाऱ्याला, मग खोकतो. आणि वर वहीत लिहूनपण ठेवतो!

तर त्या तीन जागी काय आहे ते मला माहीत नाही, पण मी आहे एवढं कळलं.

आता तू माझं ऐक. हा बासष्ट पेट्या ठेवतो. पेटीतून आजवर काय निघालं? विचार त्याला. घरपट्टीवाला आला, पावती कोणी दिली? मी. पेन्शनचं पुस्तक कोणाकडे? माझ्याकडे. घराचा कागद? इडलीच्या तांदळाच्या डब्यात, प्लास्टिकात बांधून. गॅसचं पुस्तकपण तिथेच आहे ग. ह्याच्याकडे नव्हतंच कधी. मी मुद्दाम मागून बघितलं, 'माझ्याजवळ नाही' म्हणतो का. म्हणाला का? अय्यो, चिठ्ठी दे म्हणाला! नसलेल्या पुस्तकाला चिठ्ठी!

मी टाकते. खरं आहे. शंभर टाकते तेव्हा एक सापडतो. टाकायच्या आधी प्रत्येक कागद हातात घेऊन बघते. ह्याने एकपण बघितला नाही, नुसता नंबर घातला. तू अकरा रविवार आलीस, पेट्या मोजल्यास, डबा एकदापण उघडला नाहीस. विचारलंपण नाहीस. तुला वाटलं, ही आपली डोसे घालते.

तुझा नवीन नियम ह्याच्याकडून ऐकला, नव्वद दिवसांत सगळं आपोआप जातं तो. कोणी हातात घेऊन बघत नाही? मग ते टाकणं नव्हे ग. ते सांडणं.

सही मी करणार नाही. मला सही जमत नाही असं नाही. भोगीला पहाटे ये. गठ्ठा माझ्या हातात असेल, दारात जाळ असेल. ह्याच्या ठसक्याच्या तीन जागा तू स्वतः मला वाचून दाखव. तोंडावर. मग मी ठरवीन, गठ्ठा तुझ्या पिशवीत घालायचा की कशात. कागद हातात घेतल्याशिवाय मी ठरवत नाही, सांगितलं ना.

स्वेटर घालून ये. धूर फार असतो, खोकला लागला म्हणायचं नाही.

अन्नपूर्णाबाई

---

अंबत्तूर,
१३ जानेवारी २००८

ती. अन्नपूर्णामामी यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून हातानेच आणणार आहे. तुमच्या लिपीत लिहायला बसले होते. दीड तासात चार ओळी झाल्या आणि त्यांतल्या दोन मलाच वाचता येईनात. तेव्हा हेही मीच वाचून दाखवीन. त्यात फाइल क्रमांक घातलेला नाही. मामांनी शंका काढली तर तुम्ही बघा.

काल विशालाक्षीबाईंकडे गेले. टिपणं जळण्याची शक्यता आहे, हे सांगणं भाग होतं. सगळं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं: "ज्यांच्याविषयी वाक्य लिहिलं, त्यांच्याकडून ते तपासून घेतलं का?" मी म्हटलं, मामांकडून घेतलं. त्या मुदत वाढवणार नाहीत. टिपणं मिळाली तर एकवीसपर्यंत चौथं प्रकरण नव्याने लिहावं लागेल, कारण ज्या डब्यात सगळं होतं तो डबाच त्यात नाही. आणि न मिळाली तर लिहायला काही उरणारच नाही. तुमची टाकण्याची रीत प्रबंधात घ्यायची झाली तर ती तुम्हाला विचारून, तुमच्या नावाने घेईन. क्रमांक दोन म्हणून नाही.

मामांना तुमचं पत्र दाखवलेलं नाही. ते तुमचं आहे. गॅसच्या पुस्तकाचं तेवढं तुम्हीच सांगा, माझ्याच्याने होणार नाही.

आता त्या तीन जागा. पहिली मला पाठ आहे. ती वाळवीची आहे आणि वाईट आहे. दुसरी अंधूक आठवते. तुमच्या वर्तमानपत्रं देण्याबद्दल आणि रद्दीवाल्याच्या ताकाबद्दल काहीतरी शहाणपण आहे. तिसरी मला खरोखर आठवत नाही. माझी प्रत पुसली गेली. चार दिवस डोकं खाजवते आहे, मी तिसऱ्यांदा तुमच्याविषयी असं काय लिहिलं की मामांना खोकावं लागलं? जे मला आठवतही नाही ते मी किती सहज लिहिलं असेल, याचीच भीती जास्त आहे. म्हणजे ती जागा उद्या मामांनी दाखवली की तुमच्याबरोबर मीही पहिल्यांदाच ऐकणार.

मागाहून बचाव करायला काही वाक्यं तयार केली होती. ती इथे लिहीत नाही. वाचून झाल्यावर तुम्ही गठ्ठा कुठेही घाला, मी हात पुढे करणार नाही. डोळे मिटेन कदाचित. तेवढं धुरावर घालू द्या.

पहिली गाडी चारच्या सुमारास आहे. स्वेटर काढून ठेवला आहे.

तुमची,
हेमलता

उद्याचं काम: तिन्ही जागा न खोकता वाचणे.